कॅप्टनची माणसं

पोलीस खात्यात असताना मी खून पाहिले, दरोडे पाहिले, अफरातफरी पाहिल्या. वयाबरोबर त्यातलं बरंच पुसटही झालं. एक प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि त्याची नोंद माझ्या कुठल्याच ठाण्याच्या डायरीत नाही. ते घडलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो. अंगावर वर्दी नव्हती, हद्द माझी नव्हती, देशही माझा नव्हता. ते घडलं आयर्लंडमध्ये, डून लेरी या समुद्रकाठच्या गावात, गल्लीतल्या एका जुन्या पबात. त्यातल्या कोणाचंही नाव मी देणार नाही. बरेच जण आता हयात नाहीत, आणि जे आहेत त्यांना नाव छापून आलेलं आवडायचं नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी आणि माझी पत्नी तिकडे गेलो होतो. मुलगी आणि जावई दोघंही कॉम्प्युटरवाले. पत्नीला डिंकाचे लाडू, शेक-शेगडी अशी कामं होती. मला काम नव्हतं. ठाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला रिकामपण सोसत नाही. मी दिवसभर बंदराच्या धक्क्यावर फेऱ्या मारायचो. एका दुपारी वारा असा सुटला की छत्री उलटी झाली. समोर जे दार दिसलं त्यात शिरलो, तो पब निघाला.

दारूच्या अड्ड्यात मी आयुष्यभर धाड घालायलाच गेलो होतो. आत पाऊल टाकताच सवयीने मागचं दार कुठे आहे ते पाहिलं. पण तिथे पळायला कोणी उठलं नाही. चार म्हातारी माणसं, शेगडीत जळणारे मातीच्या वासाचे पीटचे, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचे, तुकडे, कोपरांनी घासून काळं-गुळगुळीत झालेलं लाकूड, आणि भिंतीवर मुद्दाम पुढे ठेवलेलं घड्याळ, म्हणजे गिऱ्हाइकं वेळेत घरी जावीत. टीव्ही नव्हता. काउंटरमागे मालकीणबाई होत्या, साठीच्या, विधवा. मी दारू पीत नाही म्हणून संकोचाने सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘यू आर ग्रँड,’ म्हणजे काही हरकत नाही, आणि किटलीभर चहा पुढे ठेवला. मी कोण, कुठला, हे कोणी विचारलं नाही. आठवड्याभराने मीच बोलता बोलता सांगून टाकलं, तेव्हापासून तिथे मी ‘इन्स्पेक्टर’ झालो.

पत्नीला हे पसंत नव्हतं. ‘अहो, नातवंडाला काय सांगायचं, आजोबा गुत्त्यात बसतात म्हणून?’ असं तिने ऐकवलं. मी तिला एकदा बरोबर नेलं. मालकीणबाईंनी तिला शेगडीजवळची खुर्ची दिली आणि बाळंतिणीची चौकशी केली. त्यानंतर तिची तक्रार बंद झाली.

तिथे माझ्या शेजारी बसायचा तो कॅप्टन. सत्तरी ओलांडलेला, उंच, डोक्यावर खलाशी टोपी. तो दक्षिणेकडच्या कॉर्कचा, जहाजावर कप्तान होता, असं सगळे धरून चालत. त्याने मला ‘पंचवीस’ नावाचा पत्त्यांचा खेळ शिकवला. माझं इंग्रजी कोर्टातलं, त्याचं बोलणं तोंडातल्या तोंडात. तरी आमचं छान जमलं. रोज दुपारी मी गेलो की तो पत्ते पिसायला घ्यायचा, एवढीच आमची मैत्री.

एका दुपारी पत्ते वाटता वाटता त्याचा हात थांबला. तोंड वाकडं झालं आणि तो माझ्या खांद्यावर कलंडला. मी त्याला खाली निजवलं, मालकीणबाईंनी रुग्णवाहिका बोलावली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण वाचा गेली, एक बाजू गेली. डॉक्टरांनी सांगितलं की दिवस थोडे आहेत, जवळचं कोणी असेल तर बोलवा.

जवळचं कोणी नव्हतं. तिथल्या पोलिसांचा एक तरुण अधिकारी पबात चौकशीला आला. अतिशय सभ्य मुलगा. कॅप्टन एका भाड्याच्या खोलीत राहायचा, तिथे नाव मिळालं, पण नातेवाइकांचा पत्ता नाही. आणि नाव असं की कोल्हापुरात उभं राहून ‘पाटील’ अशी हाक मारावी. कॉर्कमध्ये त्यांनी चौकशी केली होती, माग लागला नव्हता. शोध चालू ठेवू म्हणाला आणि गेला.

रोज एकत्र बसणाऱ्या माणसाविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे पबातल्या सगळ्यांना त्या क्षणी कळत होतं. मग मालकीणबाई माझ्याकडे वळल्या.

‘इन्स्पेक्टर, तुमच्या गावी तुम्ही काय केलं असतं?’

मी म्हटलं, ‘जबाब घेतले असते.’

जुन्या आयरिश पबात एक लहानशी बंद खोली असते, तिला ते ‘स्नग’ म्हणतात. पूर्वी बायका तिथे आडोशाने बसत. एक बाक, एक टेबल, काउंटरकडे उघडणारी खिडकी. चौकशीला यापेक्षा चांगली जागा मी कुठल्या ठाण्यात पाहिली नाही. मी एकेकाला आत बोलावलं. साक्षीदार नेहमी वेगवेगळे बसवायचे असतात. एकत्र बसले की सगळ्यांची मिळून एकच गोष्ट तयार होते आणि ती बहुधा खोटी असते. दुसरा नियम म्हणजे माणसाला काय वाटतं ते विचारायचं नाही, त्याने काय पाहिलं तेवढंच विचारायचं.

पहिला आला तो खाटीक, पत्त्यांतला कॅप्टनचा जुना भिडू. त्याच्या मते कॅप्टन मोठा खलाशी, जगभर फिरलेला. मी म्हटलं, ते राहू द्या, पाहिलेलं सांगा. तो म्हणाला की रेडिओवर समुद्राच्या हवामानाच्या बातम्या लागल्या की कॅप्टन उठून बाहेर जायचा, दर वेळी. आणि त्याच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. जखम जुनी, लहानपणची. हाडामांसातलं आपल्याला कळतं, असं तो साधेपणाने म्हणाला. मी मनात नोंद केली: ओळखीची खूण.

दुसऱ्या आल्या त्या निवृत्त शिक्षिका. त्यांना फार सांगता येईना. तेव्हा मला माझंच पाहिलेलं आठवलं. डावातले हात मोजताना कॅप्टन पुटपुटायचा आणि ते इंग्रजी नसायचं. नोकरीत मी हे अनेकदा वापरलं होतं. माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, पण मोजणी, शिवी आणि देवाचं नाव आईच्या भाषेत येतं. मी ते आकडे ऐकले होते तसे म्हणून दाखवले. बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, ही आयरिश भाषा. शाळेत आम्ही सगळेच शिकतो, पण पत्ते मोजायला कोणी वापरत नाही. ज्याच्या घरात बोलतात तोच वापरतो.

कॅप्टन ती भाषा कोणाशी बोलायचा का, हे मी खिडकीतून मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोणाशी नाही. मग म्हणाल्या, माझ्या कुत्र्याशी. रोज आत येताना तो शेगडीपाशी झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला एकच वाक्य म्हणायचा. ते त्यांनी त्याच्यासारखंच म्हणून दाखवलं. शिक्षिकाबाईंनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

‘हा ‘कसा आहेस’ म्हणतोय,’ त्या म्हणाल्या. ‘पण कॉर्कचा माणूस असं म्हणत नाही. हे उत्तरेचं आहे, डोनेगलचं.’

मला लगेच उमगलं. एखादा म्हणाला ‘कसा हैस’ आणि दुसरा म्हणाला ‘काय करून राह्यला’, तर कोण कुठल्या एस.टी.तून उतरला हे सांगायला पंचांग लागत नाही. कॅप्टनने गाव लपवलं होतं, पण कुत्र्यापासून लपवायचं त्याला सुचलं नव्हतं.

यापुढे मी जे पाहिलं ते सांगताना आजही शब्द कमी पडतात. आमच्याकडे अशा वेळी बिनतारी संदेश सुटतो, ठाण्यांना कळवलं जातं, उत्तर येईल तेव्हा येतं. मालकीणबाईंनी काउंटरच्या टोकाचा फोन उचलला आणि डोनेगलमध्ये पब चालवणाऱ्या आपल्या चुलतभावाला लावला. आडनाव, वय, करंगळी, एवढंच सांगितलं. त्याने त्याच्या पुढच्या पबाला सांगितलं. तिथून किनाऱ्याच्या एकेका गावाला, एका पबावरून दुसऱ्या पबाला, निरोप सरकत गेला. त्या भागात एकाच आडनावाची इतकी घरं की माणसं बापाच्या आणि आजाच्या नावाने ओळखतात. त्यामुळे प्रत्येक काउंटरवर चर्चा झाली असणार, म्हाताऱ्यांना विचारलं गेलं असणार. कोणी बक्षीस लावलं नव्हतं, कोणी हुकूम सोडला नव्हता. कुठल्याशा दूरच्या गावातला एक म्हातारा एकटा मरू नये, एवढ्यासाठी सगळा किनारा कामाला लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पबात त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. मालकीणबाई ऐकत राहिल्या. मग फोनवर हात ठेवून आमच्याकडे वळल्या.

‘बाई आहे. विचारतेय, तो अजून शीळ घालतो का?’

खाटीक म्हणाला, ‘जिंकला की घालतो.’

मालकीणबाईंनी तसं सांगितलं. मग त्या बाईने विचारलं, कुठे यायचं.

ती धाकटी बहीण होती. मुलाबरोबर रस्त्याने देश आडवा पार करून आली. बुटकी, ताठ, काळा कोट घातलेली बाई. इस्पितळात मी, मालकीणबाई आणि शिक्षिका बरोबर होतो. मी बाहेर थांबणार होतो, पण तिनेच खुणेने आत बोलावलं. ती पलंगाशी बसली, त्याचा डावा हात उचलला आणि आधी करंगळी पाहिली. मग त्याच्या कानाशी वाकून आयरिशमध्ये बोलू लागली. कित्येक दिवस ज्या डोळ्यांत ओळख नव्हती ते डोळे तिच्याकडे वळले. चांगल्या हाताची बोटं तिच्या बोटांवर मिटली आणि आयुष्यभर स्वतःला लपवलेल्या त्या माणसाच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. काय म्हणाली ते मी नंतर शिक्षिकेला विचारलं. त्यांनी सांगितलं, ती म्हणाली, ‘आई तुझ्यावर कधी रागावली नव्हती रे.’

हकिगत बहिणीने पबात बसून सांगितली. तो कप्तान कधीच नव्हता. बापाच्या होडीवर मासेमारी करायचा. एका सकाळी हवा वाईट असताना तो हट्टाने होडी काढून गेला, धाकट्या भावाला बरोबर घेऊन. तो वाचला, भाऊ वाचला नाही. अंत्यसंस्कार झाल्यावर कोणाला न सांगता त्याने घर सोडलं. आई शेवटपर्यंत म्हणायची, एक समुद्राने नेला, दुसरा लाजेने नेला, देवा, दुसरा तरी परत दे.

‘आम्ही दोष दिलाच नव्हता,’ बहीण म्हणाली. ‘पण हे त्याला सांगायला तो सापडायला हवा होता.’

डॉक्टरांनी थोडे दिवस म्हटलं होतं, पण तो तगला. प्रवासाला परवानगी मिळाल्यावर तिने त्याला घरी नेलं. माझ्या नातीच्या बारशाच्या सुमाराला बातमी आली की तो गेला, समुद्राकडे खिडकी असलेल्या खोलीत. मालकीणबाईंनी पबाला कुलूप घातलं. असं त्यांच्या नवऱ्याच्या वेळी घातलं होतं, त्यानंतर आताच. अंत्यसंस्काराला त्याच्या गावी जायला एक बस ठरवली. पत्नीने मला स्वतःहून काळा कोट काढून दिला.

माझ्या नोकरीत ज्यांना कोणी नव्हतं अशी प्रेतं मी पुष्कळ पाहिली. पंचनामा, शवागार, ठरावीक मुदत, मग दोन शिपाई आणि हातगाडी. त्यात कोणाची चूक नसे, ती रीतच तशी होती. आणि कॅप्टनच्या गावच्या त्या चर्चमध्ये माणसं मावत नव्हती. शेतांतून, होड्यांवरून, निरोप पुढे सरकवणाऱ्या त्या सगळ्या पबांतून माणसं आली होती. आम्ही मागे उभे राहिलो, तर बहिणीने मुलाला पाठवलं आणि आम्हाला पुढे, घरच्यांच्या बाकावर बसवलं.

आता तो पब नाही. मालकीणबाई थकल्या, मग गेल्या, तिथे फ्लॅट झाले. मुलगी आता ॲडम्सटाउन नावाच्या वस्तीत राहते. आम्ही उन्हाळ्यात तिच्याकडे जातो तेव्हा मी एकदा तरी गाडीने डून लेरीला जाऊन त्या गल्लीतून चालतो. त्या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नातीने एकदा तिच्या आयरिश इंग्रजीत विचारलं. माहिती दोन गोष्टींनी निघते, भीतीने किंवा लोभाने, असं मी नवीन शिपायांना शिकवत आलो होतो. तिसरी एक गोष्ट आहे, हे मला वर्दी उतरवल्यावर कळलं. त्या माणसांनी कॅप्टनला कधी काही विचारलं नाही, कारण त्याला सांगायचं नव्हतं. पण त्याची करंगळी, त्याची शीळ, कुत्र्याला म्हटलेलं वाक्य, प्रत्येकाने नकळत जपून ठेवलं होतं. पाळत ठेवणं आणि लक्ष असणं यात किती अंतर आहे, हे मी त्या पबात पाहिलं.

त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर गावातली माणसं रांगेने पुढे आली आणि बाकावरच्या प्रत्येकाचा हात हातात घेत गेली. तिथली रीत आहे ती. खाटकाचा घेतला, शिक्षिकेचा घेतला, मग माझा. एका म्हाताऱ्या कोळ्याने माझा काळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, ‘तुमच्या दुःखात सहभागी आहे.’

मी कोण, कुठला, हे त्यानेही विचारलं नाही. मी म्हणालो, ‘आभारी आहे. आमचा माणूस चांगला होता.’