उंच फळीचं माप

बुटीबोरीच्या रस्त्यावर भंगाराच्या दुकानात मी लोखंड आणि प्लास्टिक वेगळं करते. एकदा तिथे बंद पडलेल्या बागेतल्या दोन लहान नावा आल्या. त्या पाहायला तळ्यात मासे धरणारा एक म्हातारा आला. एका नावेला बदकाचं तोंड होतं. “याले पाहून मासे हासतीन,” म्हणत त्याने दुसरी, रुंद बुडाची निवडली.

मग तो माझ्याकडे वळला. “बाई, जरा यात बसून पाहता का? माही बुढी तुमच्याच उंचीची आहे.”

“मी काहून?”

“आधी ती वल्हं मारत होती अन् मी जाळं टाकत होतो. आता तिचे गुडघे वाकत नाही. तिच्यासाठी बसाले उंच फळी ठोकतो. पण तिचं माप घ्याले गेलो तर म्हनन, एकटेच जा.”

“मग जा ना एकटे,” मालक हसला.

“मासे तर भेटतीन गा. पण दिवसभर बोलू कोनासंग?”

मी लाजत नावेत बसले. त्याने माझ्याखाली एकेक वीट वाढवली आणि दर वेळी विचारलं, “पाय नीट टेकले का?” माझ्या घरात असं मला कधी कोणी विचारलं नाही. शेवटी त्याने विटांच्या उंचीएवढी दोरी धरून गाठ मारली आणि ती खिशात जपून ठेवली.

ती नाव आता कोणत्या तळ्यात आहे, मला माहीत नाही. पाण्यावरच्या नावेत मी अजून बसलेली नाही. पण तिच्यातली एक फळी माझ्या पायांच्या मापाची आहे.