केळवणाच्या आधी तीस किलोमीटर

शनिवार, २२ नोव्हेंबर. पुरणयंत्र फिरवत होते. डाळ गरम आहे तोवर वाटून घ्यावी लागते. गार झाली की दंड भरून येतात आणि पुरणात कण राहतात ते राहतातच. दुसऱ्या दिवशी लोणी काळभोरला नणंदेच्या घरी माझ्या पुतण्याचं केळवण होतं. लग्नाआधी आत्याने भाच्याला बोलावून ओवाळायचं, गोडाधोडाचं जेवू घालायचं. पोळ्या तिथे लाटायच्या, पुरण माझ्याकडून. हे ठरलं तेव्हा मी ऑफिसात होते. घरच्या ग्रुपवर कळलं. "रविवारी सगळ्यांना मोकळं आहे," असं नणंदेने लिहिलं होतं आणि त्याखाली माझ्या नवऱ्याचा अंगठा होता.

माझा रविवार मोकळा नसतो. रविवारी मी लांब पळते, आणि हे या घरात दुधवाल्यालाही माहीत आहे.

डिसेंबरात मला पूर्ण मॅरेथॉन पळायची होती. गेल्या वर्षीही नाव पूर्णला दिलं होतं आणि पळाले अर्धी, कारण सरावाचे रविवार बारशी आणि वास्तुशांतींनी खाल्ले. यंदा दोन आधीच गेले होते, एक याच पुतण्याच्या साखरपुड्यात, दुसरा सासूबाईंच्या मोतीबिंदूत. आमचा कोच माझ्या मुलीच्या वयाचा आहे. त्याने सरळ सांगितलं, "काकू, हा तीसचा रन झाला नाही तर यंदाही हाफच. घरचं तुम्ही बघा."

घरचं मीच बघते. अडचण तीच आहे.

सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून जायफळ किसत होत्या. म्हणाल्या, "उद्या राहू दे तुझं ते पळणं. एक दिवसाने काही बिघडत नाही."

"मग केळवण सोमवारी करा."

"सोमवारी लोकांना कामं असतात."

"मला रविवारी असतं."

"त्याला काम म्हणतात होय?"

नवरा दारात येऊन उभा राहिला. तडजोड घेऊनच आला होता. "अगं, गाडी साडेसातला काढू. तोवर होईल तेवढं पळ. वीस होतील की."

"तुम्ही लग्नाला जाल तेव्हा सप्तपदीतली चारच पावलं बघून निघाल का?"

त्याने पुरणाचा गोळा तोंडात टाकला. मी उरलेली डाळ यंत्रात घातली आणि फिरवता फिरवता सुचलं ते बोलून टाकलं. "मी गाडीने येतच नाही. पळत येते."

"लोणीला?"

"लोणीलाच. येरवड्यावरून मुंढवा, हडपसर, पुढे सरळ सोलापूर रस्ता. येरवड्यात एक वळसा जास्तीचा घेतला की तीस होतात. साडी आणि पुरण तुम्ही गाडीतून आणा."

"ट्रक असतात त्या रस्त्याला."

"तिथे पोचेन तेव्हा उजाडलेलं असेल. आणि ट्रकवाल्यांना मी दिसते. घरच्यांनाच दिसत नाही."

सासूबाईंनी किसणी खाली ठेवली. "घामाने निथळत केळवणाला यायचं? पाहुणे काय म्हणतील?"

"मागच्या दाराने जाईन. न्हाणीघर मागेच आहे त्यांचं."

"आणि ओवाळायला? पाच सवाष्णी लागतात. मी मोजल्यात. पाचवी तू आहेस."

"मला उशीर झाला तर तुम्ही ओवाळा."

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ओवाळायची वेळ आली की सासूबाई काहीतरी काम काढून आतल्या खोलीत जातात. त्याला कोणी हरकत घेत नाही. मीही आजवर घेतली नव्हती.

"मला चालत नाही," त्या म्हणाल्या.

"नातू तुमचा. त्याची आई नोकरीला जायची तेव्हा त्याला तुम्ही भरवलंत, शाळेत तुम्ही सोडलंत. ते चाललं, मग ओवाळणं का नाही?"

त्यांनी किसणी पुन्हा उचलली. मी सारवासारव केली नाही. पुरण डब्यात भरलं, यंत्र पाण्यात टाकलं. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "जांभळी नेऊ नकोस. पिशवीत चुरगळते. इरकल काढून ठेव."

मी इरकल काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघाले. आमची तांबट आळी अजून गप्प होती. नदी ओलांडली, येरवड्यात तुरुंगाच्या भिंतीलगत वळसा घेतला, मुंढव्याला उजाडलं. हडपसरला रस्ता खणून ठेवला होता म्हणून आतल्या गल्लीने गेले. लोणीच्या अलीकडे पोटऱ्या दगड झाल्या, पण पाय चालू होते. नणंदेच्या घराशी आले तर गाडी आधीच पोचलेली. फाटकात नवरा, नणंद, सासूबाई, पाहुणे, सगळे उभे. मी घड्याळ पाहिलं. गल्लीने घात केला होता. दोन किलोमीटर कमी.

मी थांबले नाही.

"अहो वहिनी, घर मागे राहिलं!" नणंद ओरडली.

"दोन राहिलेत! तुम्ही घ्या ओवाळून!"

"अगं, पण पाचवी कोण?" हे नवरा. मागे वळून सांगायला दम नव्हता, आणि उत्तर घरात सांगून झालं होतं. उसाच्या कडेच्या रस्त्याने एक किलोमीटर गेले, वळले, एक परत आले. तीस भरले तेव्हा घड्याळ बंद केलं आणि मागच्या दाराने आत शिरले.

पुतण्या पाटावर बसला होता, कपाळाला कुंकू आणि अक्षता. सासूबाईंच्या हातात तबक होतं, निरांजन अजून पेटतं.

"पाच झाल्या," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आंघोळ कर आणि पोळ्या लाटायला बस."

बसले. पहिल्या दोन फुटल्या.