मिस्त्रींचा चार्जिंगचा टॉर्च

लिफ्टचे मिस्त्री तसे मोजकं बोलणारे. बायकोने काही विचारलं तर ‘हं’, मुलीने काही सांगितलं तर ‘बरं’, एवढ्यावर त्यांचा संसार चाललेला. पण चार्जिंगच्या टॉर्चचा विषय निघाला की गडी सुटलाच. बोटाएवढा टॉर्च, शर्टाच्या खिशात पेनासारखा अडकवलेला. तो काढायचे, फडक्याने काच पुसायचे आणि सुरू व्हायचे. खिशात मावतो. मागे लोहचुंबक आहे, लोखंडाला चिकटवला की दोन्ही हात रिकामे. सेल आणायची कटकट नाही, मोबाइलच्या वायरीला लावला की झालं. आणि उजेड म्हणाल तर शाफ्टच्या तळाशी उभं राहून वर मारा, पार छताचा पोपडा दिसतो. शाफ्ट म्हणजे ज्या उभ्या बोगद्यातून लिफ्ट वरखाली करते तो. मिस्त्रींचं निम्मं आयुष्य त्या बोगद्यात गेलं होतं.

त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, हाच त्यांचा कामातला जोडीदार. त्याचं या टॉर्चशी हाडवैर. तो म्हणायचा, “भाऊजी, जुनी दोन सेलांची बॅटरी कशी, आधी पिवळी पडायची, मग लाल व्हायची, सांगूनसवरून जायची बिचारी. हा मेला शेवटपर्यंत लख्ख जळतो आणि एकदम डोळे मिटतो. मग काय शाफ्टमध्ये सॉकेट शोधत फिरायचं? आणि आतला सेल गेला की अख्खा टॉर्च कचऱ्यात. पण ते सगळं राहू द्या, उजेड बघा ना त्याचा. समोर थाळीएवढा गोल आणि बाजूला ठार काळोख.”

“बाजूला बघायचं तर हात फिरव. हाताला काय मेंदी लागलीय?”

हा वाद जेवणाच्या डब्याबरोबर रोज उघडायचा आणि डब्याबरोबरच बंद व्हायचा. दोघांचंही खरं होतं, पण खरं असून कुणाचाच काही फायदा झाला नाही.

टॉर्च आला कसा, तेही सांगायला हवं. जुन्या बॅटरीचा उजेड मिस्त्रींना पुरेनासा झाला होता. नवे सेल घातले, स्प्रिंग घासली, बल्ब बदलला, तरी सगळं धुरकट. दोनदा ठेचकाळले, एकदा भिंतीच्या पत्र्यावर कपाळ आपटलं. शेवटी मोबाइलच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीने हा टॉर्च आणून दिला. पहिल्या दिवशी कामावरून आले ते चेहरा उजळूनच. बायकोला म्हणाले, “अगं, मला वाटायला लागलं होतं की मी म्हातारा झालो. म्हातारी बॅटरी झाली होती.” बायको हसली. त्या घरात तो विषय तिथेच संपला, आणि मला विचाराल तर तिथेच घात झाला.

कारण घरात, भर दिवसा, ट्यूबलाइटखाली, मिस्त्रींचं काहीतरी बिनसत चाललं होतं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास हाताला लागून पडायचा. स्टुलावर पाय आदळायचा. बायको शेजारी ताट धरून उभी राहिली तरी यांना पत्ता नाही, ती ओरडली की दचकायचे. तिचं तोंड मग सुरू व्हायचं, “लक्ष कुठे असतं हो तुमचं? ताट घेऊन उभी आहे मी मघापासून, भूत आहे का?” रस्त्यावर मागून येणारी सायकल अंगावर आल्यासारखी वाटायची. भाजीबाजारात लोकांना धक्के लागायचे, लोक शिव्या द्यायचे. मिस्त्री खजील व्हायचे आणि बाहेर जाणं टाळायचे. शाफ्टमध्ये मात्र सगळं ठीक. तिथे चूक म्हणून व्हायची नाही. अंधारात टॉर्चचा गोल पडतो, त्या गोलात जे असेल ते चोख दिसतं आणि बाकी काळोख, तो तर सगळ्यांनाच काळोख. म्हणून कामावर निघताना त्यांना हायसं वाटायचं. माणसाला कामाची ओढ असावी, पण अशी नसावी.

आता त्यांच्या कामाची एक रीत सांगतो. लिफ्ट ओढणारे लोखंडी रोप, म्हणजे तारांचे दोर, तपासायचे तर दोघे केबिनच्या टपावर चढतात. एकजण बटण धरतो आणि रोपावरून नजर काढत नाही, कारण रोपाची एक तार जरी तुटलेली दिसली तरी थांबायचं असतं. दुसरा टॉर्च धरतो. तो चारही भिंती बघतो, वर बघतो आणि म्हणतो, “मोकळं.” मग पहिला बटण दाबतो आणि केबिन गोगलगाईच्या चालीने वर सरकते. पहिल्याने स्वतः वर बघायचं नाही. बघितलं तर रोप चुकतो, आणि बघितलं तर दुसऱ्यावर विश्वास नाही असाही अर्थ होतो. मेहुण्याने इतक्या वर्षांत एकदाही मान वर केली नव्हती.

एकदा एका इमारतीत दोघे असेच टपावर होते आणि वरच्या मजल्यावर रंगारी काम करत होते. त्यांनी लिफ्टचं उघडं दार पाहून एक फळी आत सरकवून ठेवली होती, अर्धी बाहेर, अर्धी शाफ्टमध्ये. मिस्त्रींनी टॉर्च फिरवला. हात अगदी नेहमीसारखा चारही कोपऱ्यांवरून गेला. “मोकळं.” केबिन वर सरकली, फळी टपाच्या कठड्यात अडकली, वाकली आणि फाटकन मोडून मेहुण्याच्या खांद्यावर आली.

हाड मोडलं. बोंबाबोंब झाली, रंगाऱ्यांना शिव्या पडल्या, त्यांच्या मुकादमाने हात झटकले. मिस्त्रींची बायको भावाच्या उशाशी बसून राहिली आणि नवऱ्याकडे बघेना. मिस्त्रींना अन्न गोड लागेना. पण मेहुणा भला माणूस. गळ्यात हात अडकवलेला असतानाही तो सगळ्यांना एकच सांगत होता, “भाऊजींची काय चूक? त्यांनी हात फिरवला होता, मी ऐकलं ना, बाही घासल्याचा आवाज येतो. तो टॉर्चच दळभद्री आहे. गोलाच्या बाहेर राहिली फळी. मी कधीपासून बोंबलतोय.” मिस्त्रींनी ते लगेच मान्य केलं. ज्या टॉर्चसाठी वर्षभर भांडले, त्याला त्यांनी पहिल्यांदाच नावं ठेवली. बुडत्या माणसाच्या हाताला काहीतरी लागावं तसं ते बोलणं त्यांनी घट्ट धरलं.

मेहुणा बरा होऊन कामावर आला त्या दिवशी हौसेने नवा दिवा घेऊन आला. कपाळाला पट्ट्याने बांधायचा, रुंद काचेचा, हाही चार्जिंगचाच. दोघे टपावर चढले. मेहुण्याने स्वतःच्या हाताने मिस्त्रींच्या कपाळाला पट्टा आवळला आणि दिवा लावला.

“आता बोला! चारही भिंती एकदम. मान हलवायचं काम नाही. तिकडे वजनाचे रूळ, इकडे वायरींचा जुडगा, वर दार, सगळं उघडं पडलंय.”

मिस्त्री मान न हलवता उभे राहिले. त्यांना समोरच्या भिंतीवर दोन विटा दिसत होत्या आणि त्यांच्यामध्ये एक गंजका बोल्ट. त्याच्या भोवती काही नव्हतं.

“काच नीट बसली नाही वाटतं,” ते म्हणाले. त्यांनी पट्टा काढला आणि मेहुण्याच्या कपाळाला बांधला. “तू बघ तिकडे. दिसतंय सगळं?”

“दिसतंय म्हणजे? लग्नाच्या हॉलसारखं दिसतंय.”

मिस्त्रींनी पुन्हा समोर बघितलं. दोन विटा आणि बोल्ट. मग त्यांनी आपले दोन्ही हात कानांजवळ नेले, बोटं हलवत हळूहळू पुढे आणली. बोटं गालांपर्यंत आली, दिसली नाहीत. डोळ्यांच्या कडेला आली, तरी दिसली नाहीत. पार नाकासमोर हात आले तेव्हा कुठे बोटांची टोकं त्या गोलात शिरली. त्यांनी टपाचा कठडा धरला.

मेहुण्याचं लक्ष नव्हतं. दिवा परत भाऊजींच्या हातात देऊन, बटण हातात घेऊन त्याने डोळे रोपाला लावले. खांदा अजून पुरता वर उचलत नव्हता, म्हणून तो जरा वाकडाच उभा होता.

“भाऊजी, बोला.”

बोलता आलं असतं. मान गरागरा फिरवून एकेक कोपरा गोलात पकडता आला असता, आणि ‘मोकळं’ म्हणता आलं असतं. इतके दिवस असंच तर चाललं होतं, न कळता. आता कळून चालवायचं, एवढाच फरक. हातचं काम गेलं तर पुढे काय, हे त्यांना दिसत होतं, आणि ते मात्र चहूबाजूंनी दिसत होतं. पण समोर तो वाकडा खांदा होता.

“बोला ना. झोपलात का?”

“बटण सोड,” मिस्त्री म्हणाले. “मला दिसत नाही रे.”

“दिवा खाली धरलाय तुम्ही.”

“दिवा नाही. मलाच दिसत नाही. फळी गोलातच असणार रे त्या दिवशी. मीच पाहिली नाही.”

मेहुण्याने पहिल्यांदाच रोपावरची नजर काढली. मग दारापाशी गेला, आधी स्वतः उतरला आणि लहान मुलाला धरावं तसं मिस्त्रींना दंडाला धरून खाली घेतलं. मिस्त्रींनी एरवी हात झटकला असता. त्या दिवशी झटकला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो आणि माणसाला वाटतं उजेडच कमी आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने राखायची. किती उरलीय, ते एका मशीनवर बघायचं होतं. मिस्त्रींनी धीर करून विचारलं, “बाई, शाफ्टमध्ये उतरता येईल ना?” त्या म्हणाल्या, “आधी तपासणी होऊ द्या, मग ठरवू.” ‘ठरवू’ या एका शब्दावर मिस्त्री आठवडाभर जगले. बायकोने तेवढ्या दिवसांत एकदाही ताटावरून आवाज चढवला नाही, ती ताट त्यांच्या समोर आणून ठेवायची. त्यानेच त्यांना जास्त भरून यायचं.

तपासणीला मेहुणा बरोबर गेला. अंधारी खोली होती. मिस्त्रींची हनुवटी एका टेकूवर ठेवली, एका डोळ्यावर पट्टी लावली आणि हातात बटण दिलं. समोर मोठ्या परातीसारखं पांढरं भांडं उभं होतं, मधे एक पिवळा ठिपका.

“काका, त्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही,” मशीनवरची मुलगी म्हणाली. “आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. सोपं आहे.”

मशीन घुरघुरू लागलं. ठिपक्याला लागून एक दिवा चमकला, मिस्त्रींनी बटण दाबलं. आणखी एक चमकला, तोही पकडला. बटणाचं काम, यात काय आहे, त्यांना जरा बरं वाटलं. वाटलं, वाटत होतं तेवढं काही वाईट नाही. एखाद वेळी बाई हो म्हणतीलही.

मग दिवे यायचे थांबले. मिस्त्री अंगठा तयार ठेवून बसले. घुरघुर चालूच होती. मोटर फिरतेय आणि दिवा लागत नाही म्हणजे आत कुठेतरी वायर सुटली असणार, हे त्यांना आवाजावरूनच कळलं. मुलगी नवखी असेल, तिला ओशाळवाणं वाटू नये म्हणून त्यांनी हळूच मेहुण्याला विचारलं. मेहुणा मागे उभा होता, तिथून भांड्याच्या आतलं दिसत होतं.

“काय रे, मशीन बंद पडलं का?”

मेहुण्याने पुन्हा एकदा भांड्यात पाहिलं.

“नाही, भाऊजी.”

“मग दिवे लागतायत?”

“लागतायत.”

“कुठे?”

“सगळीकडे,” मेहुणा म्हणाला.