व्याह्यांची लाल लिली

आमच्या व्याह्यांइतका जुलमी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नसेल, आणि त्यांचा सगळा जुलूम चालतो तो पाण्यातल्या झाडांवर आणि माझ्यावर. शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर मुलाच्या हवाली करून हा गृहस्थ आर्णीला काचेच्या टाकीत लाल लिली वाढवत बसतो. कंदाला पिल्लू फुटलं की पांढरी मुळं दिसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, मग नखाने अलगद खुडायचं, मुळाशी खताची गोळी पुरायची आणि कंद अर्धा वाळूबाहेर ठेवायचा, नाहीतर तो सडतो. एवढीच माया त्यांनी सुनेवर, म्हणजे माझ्या मुलीवरही केली, हे मात्र कबूल करायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला असंच एक पिल्लू डब्यात घालून ते आमच्याकडे लोहाऱ्याला आले. "तुम्ही आम्हाले पोरगी देल्ली, हे घ्या आमची पोरगी तुमच्याकडे!"

मी हरखलो. टाकी आणली, वर दिवा बसवला. मला तिचं फूल पाहायचं होतं, बस्स! त्यासाठी पानं वर येऊन पाण्यावर तरंगू द्यावी लागतात. पण व्याही दर रविवारी बसने येतात, बाह्या सरसावतात आणि वर आलेलं पान देठापासून कापतात.

"काहून वर जाऊ देऊन राह्यले, इवाई? वर गेलं का खालची लाली संपली. पऱ्हाटीचा शेंडा खुडत नाही काय आपण?"

अहो, तो बोंडं जास्त लागावीत म्हणून खुडतात! पण हे मी मनातच म्हणतो. मुलीचा बाप व्याह्यांना उलटून बोलतो थोडाच? तीन वर्षं हा अन्याय गिळतोय. एकदा टपोरी कळी आली होती. ती देठासकट माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "फुकट ताकद खाते झाडाची." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हल्ली त्यांचा हात थरथरतो. मध्ये एकदा कात्री भलतीकडेच चालली. वरचं पान तसंच राहिलं आणि खालची तीन लालबुंद पानं तुटून वर आली. ते हात पुसायला लागले. हात कोरडा झाला तरी टॉवेल सोडेनात.

तेव्हापासून रविवारी त्यांची बस यायच्या आत वरची पानं मीच कापून टाकतो. ते टाकीत डोकावतात, खूश होऊन म्हणतात, "आत्ता शिकले तुम्ही!" असा संताप येतो! शिकलो म्हणे! गेल्या रविवारी पुन्हा कळी दिसली. बराच वेळ कात्री धरून उभा राहिलो, मग कापली. फुलाची मला आता घाई नाही. ज्या रविवारी ते उमलेल, त्या रविवारी व्याही आलेले नसतील.