दोष कुणालाच न देण्याची नोकरी

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक ड्रॉवर आहे. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात. एकही पिशवी आम्ही मुद्दाम आणलेली नाही, पण ड्रॉवर आता बंद होत नाही. ऑफिसातल्या किश्शांचं माझं तसंच झालंय. परवा बायको म्हणाली, "लिहून काढा बघू एकदाचे. रोज जेवताना मलाच ऐकावे लागतात." तिच्या मते ते विनोदी आहेत. मला खात्री नाही. अर्थशास्त्रात डॉक्टरेट केल्यापासून मला कशाचीच खात्री वाटेनाशी झाली आहे.

आमची कंपनी लंडनची. सिंगापुरात तांजोंग पगारला, खाली दुकान आणि वर खोल्या अशा एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर तिची छोटीशी शाखा आहे. माणसं चार. गोखले मॅनेजर, पुण्याचे. कांबळे आकडेवारी सांभाळतो, नागपूरचा. मेई लिंग इथलीच, वाक्याला आपल्या 'ना'सारखं 'लाह' जोडणारी; ती रजेवर असली की ऑफिसातली एकही वस्तू कुणाला सापडत नाही. आणि चौथा मी, सल्लागार. म्हणजे निवृत्त करायचं राहून गेलेला माणूस.

काम एकच. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनची अर्थव्यवस्था का रखडली, यावर दर महिन्याला चार पानांची नोट लिहायची आणि आशियातल्या गिऱ्हाइकांना पाठवायची. लंडनची अटही एकच. कारण सांगायचं, पण दोष कुणाला द्यायचा नाही! कारण गिऱ्हाइकांतले निम्मे ब्रेक्झिटच्या बाजूचे, निम्मे विरोधातले, आणि नोट दोघेही वाचतात.

*

सुरुवातच वाईट झाली. सार्वमताची मोजणी लंडनमध्ये रात्रभर चालू होती, म्हणजे आमच्याकडे सकाळ. सकाळी नऊला माझी नोट गेली. पहिलंच वाक्य होतं, 'ब्रिटन बाहेर पडण्याची शक्यता नगण्य आहे.'

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ब्रिटनने बाहेर पडायचं ठरवलं होतं!

मी खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, थोसाई (आपला डोसाच) समोर घेऊन बसलो. कांबळे तेव्हा नुकताच नागपूरहून आला होता. माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "सर, यात तुमची काय चूक? मत देण्याआधी त्यांनी तुमची नोट वाचायला पाहिजे होती ना!"

या कांबळेला इथे मीच बोलावून घेतलं होतं. "ऑफिस एकदम पक्कं आहे, डोळे झाकून ये," असं मी त्याला फोनवर सांगितलं होतं. त्या वर्षातलं ते माझं दुसरं भाकीत.

ते खोटं ठरायला बरीच वर्षं लागली, पण ठरायच्या बेतात आलं. यंदा लंडनने शाखा बंद करायची भाषा सुरू केली. मला पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना आहे, गोखल्यांना पुण्यात घर आहे, मेई लिंगला उद्या दुसरी नोकरी मिळेल. कांबळे मात्र अजून एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. पीआरचा अर्ज दोनदा परत आलेला. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की महिन्याभरात सामान बांधायचं. आणि त्याची मुलगी प्रज्ञा यंदा ओ-लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीला. पहिलीपासून इथेच शिकली. परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तोवर शाखा टिकली पाहिजे, एवढंच आम्हा सगळ्यांना हवं होतं.

*

गिऱ्हाइकांचा एक किस्सा गोखले कुणालाही सांगू देत नाहीत, म्हणून सांगतो.

हार्बरफ्रंटला एक जहाज कंपनीवाले इंग्रज गृहस्थ आमचे गिऱ्हाईक होते, कट्टर ब्रेक्झिटवाले. आमच्याच गल्लीत दुसरे एक, तितकेच कट्टर विरोधी. एकदा दोघांची तक्रार एकाच दिवशी आली, आणि तीही एकाच परिच्छेदाबद्दल. पहिले म्हणाले, "तुम्ही सगळं ब्रेक्झिटवर ढकलता." दुसरे म्हणाले, "तुम्ही ब्रेक्झिटचं नावही घेत नाही."

गोखले म्हणाले, "डॉक्टर, आता दोन नोटा लिहा. ज्याला जे आवडतं ते त्याला."

मला ते पटलं नाही, पण नाही म्हणायचीही खात्री वाटेना. लिहिल्या. एकीत सगळा दोष ब्रेक्झिटचा. दुसरीत दोष ब्रेक्झिट धडपणे होऊ न देणाऱ्यांचा. दोन्ही अगदी मन लावून. गोखल्यांनी स्वतः पाठवल्या, आणि पाच मिनिटांनी खुर्चीतून उठून उभे राहिले. चेहरा पांढरा. नोटांची अदलाबदल झाली होती!

आम्ही दोन दिवस फोनकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी दोघांचेही मेल आले. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर एकच:

"अभिनंदन! समोरच्या लोकांचं म्हणणं किती हास्यास्पद आहे, हे इतक्या नेमकेपणाने आजवर कुणी दाखवलं नव्हतं."

*

मग लंडनहून नवीन सॉफ्टवेअर आलं. आकडा खाली गेला की त्याच्यापुढे कारण निवडायचं. कारणांची यादी तयार, तिच्याबाहेरचं काही लिहिता येत नाही. सुरुवातीला यादीत 'ब्रेक्झिट' होतं. एका गिऱ्हाइकाने आक्षेप घेतला, ते काढलं. मग 'सरकारी धोरण' काढलं. मग 'मागणीतील घट' काढलं, कारण त्यात म्हणे जनतेचा अपमान होतो.

शेवटी उरलं 'हवामान'.

कांबळेने तीन महिने प्रत्येक आकड्यापुढे हवामान निवडलं. निर्यात, हवामान. गुंतवणूक, हवामान. लंडनचे आमचे साहेब ग्रॅहम खूश. एकही तक्रार नाही! चौथ्या महिन्यात त्यांना काय शंका आली कोण जाणे, व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "युरोपकडे जाणारे ट्रक कस्टम्सच्या रांगेत अडकले, त्याचा हवामानाशी काय संबंध?"

मी खाली बघितलं. गोखल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कांबळे शांतपणे म्हणाला, "सर, ट्रक उघड्यावरच उभे होते."

ग्रॅहमनी मान डोलावली आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

*

मध्यंतरी तिकडे पंतप्रधान फार भराभर बदलत होते. मी स्वभावाने भित्रा. प्रत्येक वाक्य दहादा तपासतो. तरी एकदा शुक्रवारी 'नव्या पंतप्रधानांचं धोरण' असं लिहून घरी गेलो आणि सोमवारी येईपर्यंत ते धोरण जुन्या पंतप्रधानांचं झालं होतं.

पुढच्या महिन्यात मी 'नवं सरकार' असं लिहिलं, तर मेई लिंगने माझा कागद घेतला, 'नवं' खोडलं, आणि तिथे 'प्रीव्हिअस', म्हणजे 'मागील', असं लिहिलं.

मी म्हणालो, "अगं, पण आत्ताचंच सरकार आहे ना हे?"

"अंकल, यू राइट 'प्रीव्हिअस' लाह. वेट अ व्हाइल ओन्ली. ऑल्वेज करेक्ट वन."

चाळीस वर्षांच्या अभ्यासात मला इतकं अचूक भाकीत एकदाही करता आलेलं नाही.

*

अशा नोकरीचा माणसावर परिणाम होतोच. एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला आणि आतून जळकट वास यायला लागला. मेई लिंगने कमरेवर हात ठेवून विचारलं, "हू स्पॉइल माय प्रिंटर?"

गोखले म्हणाले, "ही परिस्थिती एका दिवसात उद्भवलेली नाही."

कांबळे म्हणाला, "कागदाच्या पुरवठ्यातल्या अडचणी लक्षात घ्यायला पाहिजेत."

मी म्हणालो, "माझा काही अंशी हात असू शकतो, मात्र तो निर्णायक होता असं म्हणणं धाडसाचं ठरेल."

मेई लिंगने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "वा, यू ऑल कॅन बी मिनिस्टर ऑलरेडी!"

*

प्रज्ञाला इतिहासाचे निबंध लिहायला मदत करावी, म्हणून मी रविवारी पासिर रिसला कांबळेच्या फ्लॅटवर जायला लागलो. सुनीताताई, म्हणजे तिची आई, आधी पोहे खायला घालते आणि मग आम्हाला जेवणाच्या टेबलाशी बसवते. या शाळेतल्या निबंधांचे प्रश्न एका ठरावीक साच्याचे असतात: 'अमुक घटनेला अमुक माणूस जबाबदार होता, या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात?'

हा तर माझा धंदाच! मी चाळीस मिनिटं बोललो. एक बाजू सांगितली, दुसरी बाजू सांगितली, दोन्ही बाजूंच्या मर्यादा सांगितल्या. मर्यादांच्याही मर्यादा सांगितल्या. सुनीताताई मधेच येऊन चहा ठेवून गेली, तो गार झाला.

प्रज्ञाने पेन खाली ठेवलं. "आजोबा, कन्क्लूजन कुठंय?"

"बाळ, निष्कर्ष काढणं एवढं सोपं नसतं."

"बट मार्क्स कन्क्लूजनलाच आहेत लाह. टीचर सेज, जस्ट चूज वन अँड डोन्ट बी स्केअर्ड."

कांबळे आतून ओरडला, "प्रज्ञा! आजोबांशी असं बोलतात का?"

"मी काय केलं? आय ओन्ली आस्क्ड फॉर द कन्क्लूजन!" मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, बाबांचं ऑफिस क्लोज होणार, त्याला कोण रिस्पॉन्सिबल?"

मी चहाचा कप उचलला. गार चहा मी कधी पीत नाही. त्या दिवशी सगळा प्यायलो.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी बायकोलाही पूर्ण सांगितलेला नाही.

ऑगस्टमध्ये ग्रॅहम व्हिडिओ कॉलवर आले. म्हणाले, शाखा सप्टेंबरअखेर बंद करण्याचा विचार आहे, मात्र त्याआधी संचालक मंडळाला शाखेच्या घसरणीचं कारण लेखी हवं आहे. प्रत्येकाने आपापलं मत पाठवावं. आठवड्याची मुदत.

कॉल संपला. सप्टेंबरअखेर, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर. कांबळे उठला, पाण्याची बाटली भरून आणली आणि तशीच टेबलावर ठेवून दिली.

मी घरी येऊन विचार केला. शाखा बुडण्याला एकच म्हातारा जबाबदार असेल, तर म्हाताऱ्याला काढून भागेल. शाखा बंद करायची गरज नाही. मी लिहायला बसलो: 'सर्व चुकीचे अंदाज माझे. सर्व दोष माझा.' पुढे आपोआप 'मात्र' आलं. खोडलं. पुन्हा आलं, पुन्हा खोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी 'मात्र' नसलेलं पान लिहिलं आणि लगेच पाठवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी ग्रॅहमचं उत्तर आलं, आणि तेही सगळ्यांना प्रत पाठवून: "आपलं निवेदन वाचून खेद झाला. ते अत्यंत एकांगी आहे आणि कंपनीच्या दर्जाला साजेसं नाही."

कांबळेने ते, खाली जोडलेल्या माझ्या पानासकट, वाचलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "सर, हे काय केलं तुम्ही? एका शब्दाने विचारायचं तरी!"

"तुला विचारलं असतं तर तू पाठवू दिलं असतंस?"

"नाही ना!"

"मग?"

इतक्यात केबिनमधून गोखले बाहेर आले. पुणेरी माणूस सहसा ओशाळत नाही, पण ते ओशाळले होते. "डॉक्टर, तुम्ही घोटाळा केलात. सगळा दोष माझा आहे असं मी सोमवारीच कळवलंय. एक माणूस काढला की भागेल, असा माझा हिशेब होता. आता त्यांच्याकडे दोन गुन्हेगार झाले, आणि दोघेही म्हणतायत की दुसऱ्याचा काही संबंध नाही!"

"यू टू आर व्हेरी स्टुपिड," मेई लिंग म्हणाली आणि टिश्यूचा डबा स्वतःकडे ओढून घेतला.

संचालक मंडळ दोन आठवडे भांडलं. निम्मे म्हणाले डॉक्टर, निम्मे म्हणाले गोखले. त्यात कुणीतरी ब्रेक्झिट काढलं, मग ते भांडण वेगळ्याच दिशेला गेलं. सप्टेंबरच्या मध्यावर एका सकाळी पत्र आलं. मेई लिंगने ते उभ्याउभ्या मोठ्याने वाचलं. मराठीत सांगायचं तर असं:

'दोन्ही निवेदनं परस्परविरोधी असल्याने शाखेच्या घसरणीची कारणं निःपक्षपातीपणे मांडणारी सविस्तर नोट तयार करून घ्यावी, असं ठरलं आहे. दोष कुणालाही न देता कारणं सांगण्याचा अनुभव कंपनीत फक्त सिंगापूर शाखेला आहे. तरी हे काम त्याच शाखेकडे सोपवण्यात येत आहे. नोट हाती येईपर्यंत शाखा चालू राहील. किती अवधी लागेल, ते आज कळवावं.'

कांबळे खाली बसला. गोखल्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, उत्तराची खिडकी उघडली आणि माझ्याकडे बघितलं. "बोला डॉक्टर. दोन्ही बाजू नीट मांडायच्या म्हणजे किती दिवस?"

मी कांबळेकडे वळलो.

"प्रज्ञाचा शेवटचा पेपर कोणत्या तारखेला आहे?"