बेसमेंट क्लासची मॉडेल आन्सर्स

तिसऱ्या निबंधाला मी पेन खाली ठेवलं. "याची सामाजिक, राजकीय, आर्थिक व धार्मिक कारणे पुढीलप्रमाणे" हे वाक्य इंग्रजीत होतं, अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये जन्मलेल्या मुलानं टाइप केलेलं होतं, आणि तरी त्याला महाराष्ट्र बोर्डाच्या गाइडचा वास येत होता. खाली अधोरेखित उपशीर्षकं. आधी कारणे, मग स्वरूप, मग परिणाम. आधीचे दोन निबंधही असेच होते, आणि गठ्ठ्यातल्या पुढच्या मराठी आडनावांकडे बघून मला पुढचं दिसायला लागलं.

मी इथल्या हायस्कूलमध्ये अकरावीला अमेरिकन स्टडीज शिकवते. म्हणजे इतिहास आणि साहित्य एकत्र. पहिल्या वसाहतींपासून सुरुवात, आणि गिरण्या, रेल्वे, कारखाने येईपर्यंत वर्ष संपतं. धर्मोपदेशकाचं प्रवचन वाचायचं, आणि त्याच वेळी ते गाव कोणाच्या जमिनीवर वसत होतं तेही बघायचं. नागपूरहून येऊन मी इथलं टीचिंग लायसन्स काढलं तेव्हा ओळखीच्यांनी विचारलं होतं, "अमेरिकेत येऊन इतिहास? आयटीत नाही का जमलं?" तेच लोक आता इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या पानात आग्रहानं मोदक वाढतात, कारण त्यांची मुलं माझ्या वर्गात आहेत.

निबंधाचा प्रश्न साधा होता. न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत शेतकऱ्यांच्या मुली कामाला यायच्या. त्यातल्या काहींनी स्वतःचं मासिक चालवलं. त्यातला एक लेख मी वाचायला दिला. खिडकीतल्या कुंड्या, संध्याकाळची व्याख्यानं, मैत्रिणी, सगळं छान छान. प्रश्न असा: ही लेखिका काय सांगायचं टाळते, आणि का? याला छापील उत्तर नाही. लेख पुन्हा पुन्हा वाचून डोकं चालवावं लागतं. वर्गातल्या आठही मराठी मुलांनी मात्र औद्योगिक विकासाची कारणं पाठवली होती, आणि शेवटी "अशा प्रकारे विकासाला मोठी चालना मिळाली."

कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं या सगळ्यांना हिरवी खूण दिली होती. शब्द बदललेले होते ना. सॉफ्टवेअर बिचारं पुण्यात शिकलेलं नाही.

उगम शोधायला फार हिंडावं लागलं नाही. सबनीस काका पुण्यात कोचिंग क्लास चालवायचे. आता वर्षातले सहा महिने मुलाकडे नेपरव्हिलला असतात आणि दर शनिवारी त्याच्या बेसमेंटमध्ये मंडळातल्या मुलांना शिकवतात. विषय कुठलाही असो, पद्धत एकच. मी फोन केला. त्यांना जराही ओशाळल्यासारखं झालं नाही.

"अगं, कॉपी कसली? मॉडेल आन्सर आहे ते," काका म्हणाले. "प्रत्येकाला शब्द बदलायला लावलेत मी. आणि फोन केलाच आहेस तर सांग, पुढच्या युनिटचे आयएमपी प्रश्न कुठले?"

मी डीनकडे गेले. डीन म्हणजे शाळेत शिस्त बघणारा अधिकारी. नियम असा की कॉपी सिद्ध झाली तर निबंधाला शून्य आणि मुलाच्या रेकॉर्डवर नोंद. पुढच्या वर्षी कॉलेजला अर्ज करताना ती नोंद बरोबर जाते. डीननं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ही तुमच्या समाजाची मौखिक परंपरा तर नसेल? म्हणजे ज्ञान पाठ करून पुढे देण्याची? त्याला संस्कृतींबद्दल आदर होता. त्याहून जास्त आदर त्याला आठ संतापलेल्या पालकांबद्दल होता. मी त्याला सांगितलं की याला आमच्याकडे परंपरा नाही, पास होणं म्हणतात.

शेवटी एकेका मुलाला पालकांसह बोलवायचं ठरलं. मीही बसले. इंजिनियर, मॅनेजर, आर्किटेक्ट असे एकेक पालक येत गेले आणि आधी ठरवून आल्यासारखं एकच वाक्य म्हणत गेले: मुलांनी एकाच ट्यूटरकडे अभ्यास केला, त्यामुळे उत्तरं सारखी आली. मुलं बुटांकडे बघत बसली. निबंधही मॉडेल, खुलासाही मॉडेल.

शेवटी इरा आली. मागच्या बाकावर बसणारी, कमी बोलणारी मुलगी. बरोबर वडील, नीलेश. ते मूळचे नागपूरचे, त्यामुळे मला घरचंच माणूस समजतात. डीननं नेहमीचा प्रश्न विचारला. इरानं लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर ठेवला.

"धिस इज द वन आय रोट," ती म्हणाली. "माय डॅड मेड मी सबमिट अनदर वन. फ्रॉम सबनीस आजोबा."

मी तिथेच तो मसुदा वाचला. तिनं लिहिलं होतं की ही लेखिका कुंड्यांबद्दल लिहिते पण कामाच्या तासांबद्दल नाही, व्याख्यानांबद्दल लिहिते पण कापसाच्या धुळीबद्दल नाही. कारण ते मासिक गिरणीचे मालकही वाचतात आणि गावाकडे आईही वाचते. पुढे लिहिलं होतं, मागच्या वर्षी बाबांची नोकरी गेली तेव्हा ते व्हिडिओ कॉलवर आजीला बाहेरचा बर्फ दाखवायचे. रोज बर्फ. आजीला वाटलं, काय मजेत आहेत सगळे.

इतकी वर्षं शिकवते आहे, पण त्या लेखाबद्दल इतकं नेमकं कोणी लिहिलेलं मला आठवत नाही. व्याकरणाच्या चुका होत्या. एकही उपशीर्षक नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

निबंध का बदलला गेला तेही तेव्हाच कळलं. नोकरी गेल्याचं घरातून बाहेर जायला नको होतं.

डीननं नीलेशना विचारलं, दुसरा निबंध तुम्ही दिलात का?

"नो," नीलेश म्हणाले. "शी इज कन्फ्यूज्ड."

इरानं त्यांच्याकडे पाहिलं. ते डीनच्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होते. मला त्या माणसाची इतकी चीड आली की मी डीनशी जरा जास्तच चढ्या आवाजात बोलले. हा मसुदा वाचा, म्हटलं, ही मुलगी खरं बोलते आहे. डीन म्हणाला, त्याचीच अडचण आहे. हिला स्वतःचं लिहिता येत होतं, तरी हिनं दुसऱ्याचं दिलं, हे त्यातून सिद्धच होतं. बाकीच्यांविरुद्ध पुरावा नाही. हिनं कबूल केलं आहे.

मसुदा त्यानं वाचला नाही.

पार्किंग लॉटमध्ये नीलेश माझ्यामागे आले. "मॅडम, समजून घ्या ना यार. ग्रीन कार्डची प्रोसेस चालू आहे. माझं नाव कशात यायला नको."

मी त्यांना सांगितलं की शाळेच्या डीनची फाइल इमिग्रेशनवाले मागवत नाहीत. हे गृहस्थ आता पुन्हा नोकरीला लागलेत, डेटा सिक्युरिटीत. कुठली माहिती कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे बघण्याचा पगार घेतात. आणि स्वतःच्या मुलीचा बळी दिला त्याआधी त्यांना एवढं तपासावंसं वाटलं नाही. तसं मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते गाडीत जाऊन बसले. इरा आधीच मागच्या सीटवर होती, खिडकी उघडी होती.

बाकी सगळ्यांना निबंध पुन्हा लिहायची संधी मिळाली. इराला शून्य, आणि रेकॉर्डवर नोंद. मी वर अपील केलं, ते फेटाळलं गेलं. आता निबंध वर्गातच, माझ्यासमोर, हातानं लिहायचे असतात. शिक्षणाचा दर्जा खालावला, असं सबनीस काका मंडळात सांगत असतात.

वसाहतींच्या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये चेटकिणींचे खटले चालले. त्यात गुन्हा कबूल करणारे वाचले आणि मी काही केलं नाही म्हणणारे फासावर गेले. मधल्या तीनशे वर्षांत आमच्या शाळेनं एवढीच सुधारणा केली की ते उलटं केलं. मीही यातून एक शिकले. कुठल्याही ऑफिसात मुलांना खरं बोलायला सांगण्याआधी मी विचारून घेते, खरं बोललं तर काय करणार?

वर्ष संपताना इरा वर्गाबाहेर थांबली होती. कॉलेजसाठी माझं रेकमेंडेशन लेटर हवं होतं, पण मागायला कचरत होती.

"विल यू राइट अबाउट द चीटिंग?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "ते लिहावंच लागेल."

"पण काकू, आय वॉझन्ट कॉट," ती म्हणाली. शाळेत तिनं मला पहिल्यांदाच काकू म्हटलं. "आय टोल्ड देम."

"तेच लिहिणार आहे," मी म्हटलं.