गनमसाहेबांची राई

गुलाबाचा वास छान असतो असं म्हणणाऱ्याला माझ्या घरात आठ दिवस आणून ठेवा. हंगामात तांब्याच्या हंड्यांत पोतीच्या पोती गुलाब उकळायला घालतात. मग तो वास नाकातून घशात उतरतो आणि घशातून भातात. चहाला तोच वास, उशीला तोच, नवऱ्याच्या बनियनलाही तोच. पहिल्या वर्षी मी दोनदा भडाभडा ओकले, तर नवऱ्याला वाटलं गोड बातमी आहे. म्हटलं, कसली गोड बातमी, तुमच्या गुलाबांनी जीव घेतलाय माझा.

सौदीतल्या ताइफ शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरात, कफीलचा गुलाबांचा मळा आहे. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचं इथलं राहणं-खाणं-काम सगळं बांधलेलं आहे तो मालक. नवरा त्याच्याकडे पंप मेकॅनिक. पंपाच्या खोलीला चिकटून आमच्या दोन खोल्या, त्यांच्या मागे सेप्टिकची टाकी, टाकीच्या पलीकडे कोंबडीखताचा ढीग. वारा कुठूनही येवो, आमच्या वाट्याला काहीतरी येतंच.

माश्यांचं तर विचारूच नका. भाकरी थापताना एक हात पिठात आणि दुसरा माश्या मारायला. जेद्दा-मक्केहून शुक्रवारी पाहुणे येतात, बोकड कापतात, फुलांत उभे राहून फोटो काढतात आणि जातात. आतडी, कातडी, अर्धा उरलेला भात सगळं आमच्या मागच्या पिंपात. त्या वासावर डोंगरातली माकडं उतरतात. आपल्याकडची वानरं परवडली हो. ही कुत्र्याच्या तोंडाची, तांबड्या ढुंगणाची, दारात बसून माणसाकडे टक लावून बघतात. एकदा एक मेलं सरळ स्वयंपाकघरात आलं, पिठाच्या डब्यात दोन्ही हात घातले आणि जाताना ओट्यावर घाण करून गेलं. मी रडत रडत ओटा तीनदा ब्लीचने धुतला. त्या दिवशी आम्ही खुबूस, म्हणजे इथली रोटी, विकत आणून खाल्ला, पण तोही मला जाईना.

आणि टाकी भरली की उपसणारा टँकर लवकर येत नाही. नवरा कफीलला फोन करतो, तो म्हणतो, "बुकरा, बुकरा." त्यांचा तो उद्या आठवड्याने उजाडतो. तोवर मी अंगणात विटा टाकून त्यांवरून चालते. शी! लिहितानासुद्धा पायाचे अंगठे आखडले माझे.

यातलं काहीही मी माहेरी कळवलं नव्हतं. उलट दर हंगामात मी चांगली साडी नेसून फुलांत उभी राहायचे आणि नवऱ्याला सांगायचे, खताचा ढीग येऊ देऊ नका. रत्नागिरीच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथे माझे फोटो या घरातून त्या घरात फिरायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. काय सांगू त्यांना? मोठ्या दिमाखाने विमानात बसले आणि आता माकडाची घाण काढते, हे?

धाकटी बहीण तर त्या फोटोंवर जीव टाकायची. तिचा नवरा एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधतो. हात असा की वाळक्या काठीलाही पालवी फुटेल. तिने माझ्यामागे लकडा लावला होता, "आपा, ह्यांनाही तिकडे बोलाव ना गो." मी महिनाभर टाळलं. शेवटी नवऱ्याने कफीलला विचारलं. कफील म्हणाला, "तमाम, ठीक आहे, माणूस पाहिजेच आहे, कागद पाठवतो." आम्हाला वाटलं मळ्यातच घेईल. कागद परस्पर मुंबईच्या एजंटाकडे गेला. आम्ही तो पाहिलाही नाही.

एका शुक्रवारी दुपारी, नवरा नमाजला गेलेला असताना, बहिणीचा फोन आला. आनंदाने आवाज चिरकत होता तिचा.

"आपा, व्हिसा आला! ह्यांनी नर्सरीत सांगूनही टाकलं. बुधवारचं विमान आहे. आणि काम काय लिहिलंय माहीत आहे? राई!"

"काय?"

"राई गो! कागद सगळा अरबी, पण मीच वाचला. रे, अलिफ, ऐन, ये. राई. आमराई असते ना आपली, तशी तुमची गुलाबाची राई असणार. ह्यांच्या हातचंच काम. पुढे गनम लिहिलंय, ते तुमच्या मालकाचं नाव ना? गनमसाहेबांची राई!"

लहानपणी मदरशात दोघी एकाच रेहालीवर कुराण ठेवून वाचायला शिकलो. अक्षर अन् अक्षर वाचता येतं, अर्थ एकाचाही ठाऊक नाही. मलाही इथे येईपर्यंत नव्हता. अरबीत राई म्हणजे मेंढपाळ. आणि गनम म्हणजे मेंढ्या.

राई कसा राहतो ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं होतं. डोंगरापलीकडच्या माळावर कफीलच्या मेंढ्या आहेत. तिथला पंप बिघडला तेव्हा नवऱ्याबरोबर मीही गेले होते. गोणपाट आणि पत्रा जोडून केलेलं खोपटं. ज्या टाकीत मेंढ्या तोंड घालत होत्या त्याच टाकीतून तो माणूस डब्याने पाणी पीत होता. पाण्यावर लेंड्या तरंगत होत्या. खोपट्याला टेकून एक मेलेली मेंढी फुगून पडली होती. आणि हा आम्हाला बघून हसत सुटला. हिंदीत बोलायला लागला तर शब्द आठवेनात त्याला. चार वर्षं घरी गेला नव्हता. कागदावर राई असा शिक्का बसला की दुसरं काम नाही आणि कफील सोडेपर्यंत घरही नाही. तो जवळ आला तसा मी पदर नाकाला लावला. त्याने ते पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. किळस त्याची आली होती, लाज मात्र माझी मलाच वाटली. तरी पदर काही मी काढला नाही.

फोनवर मी बहिणीला म्हटलं, "पाठवू नकोस त्यांना. ती बाग नाही, मेंढ्या राखायचं काम आहे." आणि पाहिलेलं सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "असं होय. हे तिथे आले तर तुझं वजन कमी होईल, हेच ना?"

"अगो, वेडी का तू?"

"वेडी कशाला? सहा वर्षं गुलाबात उभी राहून दाखवतेस आम्हाला. आमची पाळी आली तशी मेंढ्या कुठून आल्या? नको असू आम्ही तर तसं सांग. मालकाला तरी बदनाम करू नकोस."

तिने फोन ठेवला. मी परत लावला, तिने कापला. पाचव्यांदा उचलला तेव्हा मी एक शब्द न बोलता व्हिडिओ लावला आणि चालायला लागले. आधी मागचं पिंप दाखवलं, झाकण काढून. त्या दिवशीच बोकड कापला होता, आतड्यांवर माश्यांचा काळा थर. मग विटा, विटांखालचं पाणी, खताचा ढीग. मग घरात आले. भिंतीला आलेली बुरशी दाखवली. दाराच्या फटीत कोंबलेल्या चिंध्या दाखवल्या. शेवटी बाहेर येऊन मळ्याच्या ज्या कोपऱ्यात उभी राहून मी फोटो काढून घ्यायचे तोही दाखवला. इथून तिथवर चार हात जागा, बस्स.

"हे माझं गुलाबाचं घर," मी म्हटलं. "आणि मी पंप मेकॅनिकची बायको आहे. इथे मला निदान दार लावता येतं. राईला दारही नसतं. आता ठरव."

ती रडत होती की रागावली होती ते मला कळलं नाही. पडद्यावर तिचं अर्धं कपाळ दिसत होतं. "आई जाईपर्यंत सगळ्यांना तुझेच फोटो दाखवत होती," एवढंच ती म्हणाली. मग पडदा काळा झाला.

नवरा आल्यावर त्याला सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. "माहेरी खोटं बोललीस ते बोललीस, आता कफीलला मी काय सांगू?" तो बडबडला खूप, पण त्यानेही माझ्या मेहुण्याला, बहिणीच्या नवऱ्याला, फोन करून जाऊ नको असंच सांगितलं.

सोमवारी मेहुण्याने पासपोर्ट परत मागितला. एजंटाने शिव्या घातल्या, पण दिला. नर्सरीत आधीच्या जागी दुसरा माणूस लागला होता, म्हणून आता तो दुसऱ्यांच्या बागांत मिळेल तसं काम करतो. बहीण माझ्याशी बोलते, पण मोजकं. फोटो मागत नाही, मी पाठवत नाही. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी छातीवरचा दगड उतरेल.

कफील महिनाभर नवऱ्याशी नीट बोलला नाही. मग एक दिवस नवरा माळावरचा पंप बघून आला आणि हात धुताना म्हणाला, "नवा राई आला मेंढ्यांवर."

"बरं," मी म्हटलं.

"मराठी बोलतो. आपल्या खाडीपलीकडचाच आहे. एजंटाने तीच जागा त्याला दिली."

मी चुलीवरचा तवा उतरवला. जेवण काही गेलं नाही मला त्या दिवशी, आणि या वेळी वासाचा दोष नव्हता. माझ्या माणसाला मी वाचवलं, एवढंच मी बघितलं होतं. त्या खोपट्यात कोणीतरी जाणारच होतं, हे माहीत असून मी त्याचा विचार केला नव्हता.

नवरा दर वेळी म्हणतो, "चल एकदा. घरच्या बोलीत दोन शब्द कानावर पडले तर बरं वाटेल त्याला." मी अजून गेलेले नाही. त्याने विचारलं, ही जागा आधी कोणाला मिळाली होती, तर मी काय सांगू?